कापड बदलायची खोली

१४ नोव्हेंबर १९८८, डिचोली

आज सामान लागलं एकदाचं. बेळगावहून निघताना आई सारखी म्हणत होती, गोव्याला चाललीस, मजा आहे तुझी, खिडकीतून समुद्र दिसेल. खिडकीतून दिसतो खनिजाचे ट्रक जाणारा रस्ता. गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातलेला देवेशचा पांढरा शर्ट दुपारपर्यंत विटकरी झाला. तरी मी खूश आहे. घर हवेशीर आहे, देवेशची बँक जवळ आहे, सकाळी पोदेर सायकलचा भोंगा वाजवत गरम पाव घेऊन येतो. देवेशनं पहिल्याच दिवशी चार जास्तीचे घेतले आणि दोघांनी उभ्या उभ्या खाल्ले.

शेजारी सुशीलाबाई राहतात. निवृत्त शिक्षिका, एकट्याच. खतखतं, म्हणजे इथली मिसळीच्या भाज्यांची आमटी, घेऊन आल्या आणि ‘आता दिवसभर तू करतलंय किदें?’ असं सरळ विचारून मोकळ्या झाल्या. मग म्हणाल्या, आमच्या आधारात ये.

१९ नोव्हेंबर

‘आधार’ म्हणजे जुन्या बाजारातलं एक दुकान. लोकांनी दिलेले वापरलेले कपडे, भांडी, खेळणी धुऊन-पुसून स्वस्तात विकायची आणि येईल त्यातून आरोग्य केंद्रातल्या गरीब रुग्णांना दूध आणि औषधं. सगळ्या बायका बिनपगारी. जागा प्रभावतीबाईंनी दिली आहे. त्यांच्या सासरची पिढ्यान्‌पिढ्यांची कापडाची पेढी होती इथं. पाटी मराठीत लावायची की कोंकणीत यावरून मागल्या वर्षी म्हणे दोन महिने दुकान उघडलंच नाही. शेवटी ‘आधार’ एवढंच लिहिलं, दोन्हीकडे चालतं.

पुढं मोठी खोली, मागं एक अरुंद खोली. तिला दार नाही, छिटाचा पडदा आहे. वर शिंपल्यांच्या तावदानांची एक लहानशी खिडकी, इथं तिला जनेल म्हणतात, खाली आरसा, भिंतीला खुंट्या. तिथं गिऱ्हाइकांनी कपडे घालून बघायचे.

प्रभावतीबाई उंच, देखण्या, बोलणं गोड. मला म्हणाल्या, ‘विनोदिनीबाई, तुम्ही घाटावरच्या ना? बरं झालं. आमच्याकडे तुमची माणसंच जास्त येतात, मजूरबिजूर.’ मी म्हटलं, मी बेळगाव शहरातली. त्या हसल्या. मी असं का म्हटलं कोण जाणे.

२६ नोव्हेंबर

मला हे काम आवडायला लागलंय. आज मयेहून एक म्हातारे गृहस्थ आले. नातवाच्या मुंजीत घालायला कोट हवा होता. एक काळा कोट अंगात घालून आरशापुढं असे काही ताठ उभे राहिले की सुशीलाबाईंनी टाळ्या वाजवल्या. आमोण्याची एक तरुण मुलगी, दिवस गेलेली, झबली निवडत बसली. एकेक गालाला लावून बघत होती. कुणाच्या तरी घरात नको झालेली वस्तू दुसऱ्या कुणाला अशी हवीशी वाटते, हे बघताना बरं वाटतं.

मी थोडी थोडी कोंकणी शिकते आहे. साडीला इथं कापड म्हणतात. बायका येऊन ‘कापड दाखय गो’ म्हणाल्या की पहिल्या दिवशी मी तागे शोधत होते.

एक गंमत. एक बाई साडी हातात घेऊन पडद्याबाहेर किती तरी वेळ उभी राहिली. मी म्हटलं, जा ना आत. तर म्हणाली, आत बाई आहे, तिचं होऊ दे. मी पडदा सारून बघितलं, कुणी नव्हतं. तिनंही वाकून बघितलं आणि साडी ठेवून निघून गेली.

३ डिसेंबर

मागल्या खोलीत नेलेल्या साड्या कमी होतायत. गिऱ्हाईक दोन घेऊन जातं, एक आवडली नाही म्हणून खुंटीवर ठेवून येतं, आणि आम्ही आवरायला जातो तर खुंटी रिकामी. प्रभावतीबाईंच्या मते मजूर बायका आत साडीवर साडी नेसून निघून जातात. मला म्हणाल्या, तुमच्या लोकांवर तुम्हीच लक्ष ठेवा, तुम्हाला त्यांचं बरोबर कळेल.

मी ठेवते. आल्याबरोबर त्यांच्या पिशव्या बाहेर ठेवायला सांगते. सुशीलाबाईंना ते आवडत नाही, पण त्या बोलत नाहीत. साध्या घरातल्या इथल्या बायका आल्या तर मी पिशव्या ठेवायला सांगत नाही. हे माझ्या लक्षात आलं ते आता, लिहिताना.

७ डिसेंबर

आज जे झालं ते देवेशला सांगितलं नाही.

बुधवार, बाजाराचा दिवस, दुकान भरलेलं. एक मजूर जोडपं आलं. तो पायरीवर बसून राहिला, ती आत आली. हातांना सिमेंटच्या भेगा. रत्ना तिचं नाव, हे तो तिला हाक मारत होता त्यावरून कळलं. भावाच्या लग्नात नेसायला एक आंबट पिवळी साडी तिनं निवडली. माझं बोलणं ऐकून तिचा चेहरा उजळला. म्हणाली, ‘बाई, तुम्ही आमच्या चंदगडकडच्या का वो? बोलण्यावरनं वाटलं.’ प्रभावतीबाई ऐकत होत्या. मी नाही म्हटलं, आणि पिशवी बाहेर ठेवायला सांगितली.

ती आत गेली ती येईना. आतून पुटपुटणं ऐकू येत होतं, जसं कुणाला समजावत असावी. प्रभावतीबाईंनी मला डोळ्यांनी खूण केली. मी गेले. हाक मारायला हवी होती. मी पडदा ओढला, सगळा, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

ती परकरावर उभी होती. परकर मैद्याच्या पोत्याचा. गिरणीचं नाव तिच्या कमरेवरून आडवं गेलेलं आणि खाली निळ्या अक्षरांत, हमालांसाठी छापलेलं, ‘हूक लावू नये’. पिवळी साडी कुठंच नव्हती. तिची स्वतःची साडीसुद्धा नव्हती. दोन्ही हात छातीवर घेऊन ती आधी माझ्याकडे आणि मग कोपऱ्याकडे बघत राहिली.

प्रभावतीबाईंनी ती अक्षरं मोठ्यानं वाचली. दुकानात हशा पिकला. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘बघा तुमच्या गावची माणसं!’

मी हसले. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले.

साड्या कुठं लपवल्या म्हणून आम्ही तिला वळवून वळवून बघितलं. काही सापडलं नाही. नवरा आत आला. कुणाकडेही न बघता त्यानं अंगातला शर्ट काढून तिला घातला. सुशीलाबाईंनी एक चादर आणून तिच्याभोवती गुंडाळली. ‘चल,’ एवढंच म्हणाला तो. भर बाजारातून दोघं गेली. तो उघडा, ती चादरीत.

८ डिसेंबर

सकाळपासून तेच. पडदा ओढताना वरच्या कड्या वाजल्या तो आवाज. मी का हसले?

१२ डिसेंबर

आज दुकान मी उघडलं. मागल्या खोलीच्या कोपऱ्यात कपड्यांचा ढीग होता. हरवलेल्या सगळ्या साड्या. पिवळीसुद्धा. कुणी तरी एकेक उघडून, चाचपून टाकून द्यावी तशा. हात लावला तर गार, विहिरीच्या कडेला ठेवल्यासारख्या गार. रत्नाची स्वतःची विटकी साडी मात्र त्यात नव्हती.

प्रभावतीबाईंना दाखवलं. त्यांचा चेहरा क्षणभर पांढरा पडला, मग म्हणाल्या, झटका आणि परत मांडा. मी म्हटलं, त्या बाईनं चोरी केली नव्हती. त्या म्हणाल्या, आता काय पेपरात छापायचंय?

मी साड्या झटकल्या आणि मांडल्या. मला शरम वाटत होती, आणि तरी मी मांडल्या.

१४ डिसेंबर

आमोण्याची ती झबलीवाली मुलगी आज परत आली. पोलकं घालून बघायला आत गेली आणि लगेच बाहेर आली, हुकं तशीच उघडी, पदर कसाबसा ओढलेला. माझ्यावर चिडली. म्हणाली, एका वेळी दोघींना आत का सोडता? ती बाई नागडी बसलीय कोपऱ्यात, कापड मागते, तिला द्या की कुणी तरी.

मी गेले. कुणी नव्हतं. आरशात मी होते.

पडदा सोडून वळले तेव्हा मागून, अगदी खालून, बसलेल्या माणसाच्या उंचीवरून आवाज आला. बाईचा, दमलेला.

‘म्हाका कापड दी गो.’

१७ डिसेंबर

सुशीलाबाईंना विचारलं. आधी टाळलं त्यांनी. मग दार लावून घेतलं आणि सांगितलं. जुन्या बाजारात सगळ्यांना माहीत आहे म्हणे, नव्या माणसाला कुणी सांगत नाही.

पोर्तुगीजांच्या वेळची गोष्ट. प्रभावतीबाईंचे आजेसासरे पेढीवर बसायचे. मयेची एक कुळाची बाई खरेदीला आली. साडी चोरली असा आळ आला. तिला मागल्या खोलीत नेऊन अंगावरचं सगळं उतरवायला लावलं आणि ते बाहेर गल्ल्यापाशी आणून झाडून बघितलं. काही निघालं नाही. आळ खोटा निघाल्यामुळं शेट चिडले आणि जेवायला उठून गेले. तिचे कपडे गल्ल्यावर तसेच राहिले. कुणी नेऊन दिले नाहीत. दुकानात, रस्त्यावर माणसं जमली होती. ती बाहेर आली नाही. दिवे लावायच्या वेळी कुणी तरी आत डोकावलं तेव्हा ती गेलेली होती. सुशीलाबाई म्हणाल्या, कशानं ते कुणालाच कळलं नाही, अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

मी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं तर तिथंच कपडे बदलायची खोली कशाला केली? त्या म्हणाल्या, ‘प्रभावतीक कोण सांगतलो?’ आणि रडू लागल्या.

मी एक चांगली साडी घेऊन गेले, माझ्या रुखवतातली, घडी न मोडलेली. आत ठेवून आले. वाटलं, मिटेल.

१९ डिसेंबर

नाही मिटलं. साडी कोपऱ्यात फेकलेली, गार.

आणि आता दुसरं सुरू झालंय. पडद्यामागं हशा ऐकू येतो. बाजाराच्या दिवशीचा. प्रभावतीबाईंचा, गिऱ्हाइकांचा, आणि त्या सगळ्यांवर एक मोठा, खोटा. माझा. मी समोर तोंड मिटून उभी असते आणि आत मी हसत असते.

घरी न्हाणीघरात गेले तरी वाटतं कुणी तरी पडदा ओढणार. अंगावर पाणी घेताना साडी सोडत नाही. देवेशनं डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं. त्याला काय सांगू? की मी हसले?

रत्नाला शोधायला हवं. ती जिवंत नसेल, असं सारखं वाटतं.

२१ डिसेंबर

सुशीलाबाईंनी चौकशी केली. रत्नाची मजुरांची टोळी मांद्र्याला गेलीय, पाहुण्यांसाठी खोल्या बांधायचं काम आहे. देवेशला न सांगता पेडण्यावरून बसनं गेले.

ती जिवंत आहे. डोक्यावर वाळूचं घमेलं होतं. मला बघितलं आणि घमेलं खाली न ठेवता तशीच उभी राहिली. भैरू, तिचा नवरा, विटा देत होता. त्यानं पाठ फिरवली.

मी हात जोडले. म्हटलं, माझं चुकलं. तिला ते आवडलं नाही. बाकीच्या बायका बघत होत्या.

‘ऱ्हाऊ दे वो बाई. इथं नका,’ ती म्हणाली. मग मला माडाखाली नेलं. ‘भावाच्या लग्नाला गेलेच न्हाई मी. जाऊ दे. पर तुमी तिला का हासला?’

मी विचारलं, कुणाला?

‘ती व्हती की आत माज्याआदी. म्हातारी न्हाई, माज्यायेवढीच. अंगावर चिंधी न्हाई. कापड दे, कापड दे, करीत व्हती. मी म्हनलं, बाई, हे पिवळं घे, मी बाहेर सांगते. तिनं घेतलं आन् टाकलं. पुन्यांदा तेच. मला बगवंना. मग मी माजं अंगावरचं सोडून दिलं. ते गुंडाळलंन् आन् गप झाली. निजायला आल्यावानी गप. आन् तुमी पडदा वढला. मला वाटलं, तुमास्नी दिसतीया ती.’

मी म्हटलं, मला फक्त तू दिसलीस.

‘मग मला हासला व्हय,’ ती म्हणाली. रागानं नाही. जसं काही आत्ताच तिला कळलं. पोत्याच्या परकराचा विचार तिच्या मनात तोपर्यंत आला नव्हता. तिला वाटत होतं सगळे त्या दुसरीला हसले आणि ती तिच्यासाठी दुखावली होती. आता तिनं मान खाली घातली, लुगडं पुढं ओढून घेतलं आणि घमेलं उचललं.

मी तिथं गेले आणि ती लाज तिच्या पदरात टाकून आले.

तिच्यासाठी नेलेली साडी भैरूपुढं धरली. तो म्हणाला, ‘बाई, घिऊन जावा.’

२२ डिसेंबर

प्रभावतीबाईंना सांगितलं सगळं. म्हटलं, पेढीच्या नावानं त्या दोघींची माफी मागा, खोली बंद करा. त्या म्हणाल्या, नाताळाच्या आदल्या दिवशी सगळ्यांत जास्त विक्री होते, तेव्हा असल्या गोष्टी पसरवू नका. मग हळूच म्हणाल्या, लग्न होऊन आल्यापासून त्या कधीही त्या पडद्याच्या आत गेलेल्या नाहीत.

खोलीतली ती बाई आज रडते आहे. गिऱ्हाइकांनाही ऐकू जातंय. दोघी आल्या आणि दारातूनच परत गेल्या.

अंगावरचं. रत्नानं अंगावरचं दिलं तेव्हा ती गप झाली. घडीचं नको तिला, दान नको. मी रुखवतातली देऊन सुटायला बघत होते.

२३ डिसेंबर

नाही जमलं. आत उभी राहिले. पिन काढली. बाहेर सुशीलाबाईंचा खोकला ऐकू आला आणि हात थांबले. मग हशा आला.

रत्नाला एक क्षणही लागला नसेल.

२४ डिसेंबर

दुकान जेवणासाठी बंद. सगळ्या घरी गेल्या. किल्ली माझ्याकडे, दाराचं कुलूप आतून फिरवून घेतलंय. साड्या सगळ्या बाहेर मांडून ठेवल्यात, आत काही नाही. वही पिशवीतून आत आणलीय, एकीकडे लिहीत राहते.

पडदा ओढून घेतला.

ती आहे. बघितलं नाही. पायांपाशी गारवा.

साडी सोडली. हात पुढं आला. बाईचाच हात, साधा, नखांत माती. घेतली —

रडणं थांबलं. इतकं शांत. मला रडू आलं. म्हटलं, माफ कर, तुलाही, तिलाही —

पुन्हा हात. पोलकं. दिलं. परकर. मी म्हटलं तेवढा राहू दे. हात तसाच पुढं. तिचंही सगळंच नेलं होतं. दिला.

ती नेसते आहे. आरशात पाठ दिसते. निऱ्या मी काढते तशाच. अंबाडा माझ्यासारखा —

बाहेरच्या दाराचं कुलूप उघडलं. प्रभावतीबाईंकडे दुसरी किल्ली. बोलत बोलत आल्या. माणसं आली. मी तिला म्हटलं, थांब, जाऊ नकोस, मला काही तरी दे, आणि ती पडदा जरासा सारून —

गेली.

प्रभावतीबाई म्हणतायत, विनोदिनीबाई, लवकर आलात? आणि ती बोलते आहे. कोंकणीत. भराभर. गिऱ्हाईकं हसतायत तिच्याबरोबर. चांगलं हसणं आहे.

देवेशचा आवाज. बँक लवकर सुटली असेल. तो तिला म्हणतो, आज बरी दिसतेस.

देवेश, मी इथं आहे. एवढं मोठ्यानं म्हणायचं फक्त. पडदा आहे, दार नाही, चार पावलांवर तो आहे. पण सगळं दुकान भरलंय. सगळे वळून बघतील. आरशाकडे बघवत नाही, दोन्ही हात पुरत नाहीत, आणि एका हातात पेन्सिल —

स्कूटर सुरू झाली. ती मागं बसली असेल.

आता. आता जाते. पडद्याला हात लावलाय. कड्या वाजल्या. कुणी तरी म्हणालं, आत कोण आहे?

नको. आत्ता नको. जरा माणसं कमी झाली की